सुरुंगाचा धक्का आणि पाण्याने भरलेली वाळू : कृष्णाकाठच्या एका जॅकवेलचे प्रकरण

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठावर उपसा सिंचनाची जॅकवेल, म्हणजे पंप बसवलेली विहीर, उभी आहे. तिच्यापासून २५ मीटरवर नव्या पाइपलाइनसाठी चर खोदायचा आहे. वरचे काही मीटर पोकलेनने निघतील, पण खाली काळा पाषाण लागतो आणि तो सुरुंगाशिवाय हलणार नाही. जॅकवेलकडे जाणाऱ्या पुलाचे दोन खांब उथळ पायावर आहेत. त्या पायाखाली, जमिनीपासून ३.५ ते ५ मीटर खोलीवर, बारीक वाळूचा एक पट्टा सापडला आहे. वर काळी चिकण माती, खाली पिवळट पोयटा आणि मुरूम. एसपीटीचा, म्हणजे हातोड्याचे ठोके मोजून जमिनीचा घट्टपणा तपासण्याच्या चाचणीचा, आकडा ८, म्हणजे वाळू सैल. पाणी दीड मीटरवर. ठेकेदाराचा प्रश्न एका ओळीचा आहे : सुरुंग उडवला तर ही वाळू पातळ होऊन खांब खचतील का?

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. मातीचे आकडे नदीकाठच्या सैल वाळूला शोभतील असे धरले आहेत आणि बाकीचे त्यांवरून गणिताने काढले आहेत. दुसऱ्या जागेसाठी पद्धत हीच, आकडे मात्र त्या जागेचेच घ्यावेत.

वाळू पातळ होते म्हणजे नेमके काय

पाण्याखालच्या वाळूवर जो भार येतो तो दोघे वाटून घेतात, कण आणि कणांमधले पाणी. एकूण ताणातून रंध्रातल्या पाण्याचा दाब वजा केला की कणांच्या वाट्याचा, म्हणजे प्रभावी ताण उरतो. टेर्झागीने १९२५ मध्ये मांडलेले हे तत्त्व. वाळूची ताकद सगळी या कणांच्या वाट्यातून येते. पाण्याचा दाब चढत जाऊन कणांचा वाटा शून्यावर आला की वाळू दाट पातळ पदार्थासारखी वागते. हेच द्रवीभवन.

आपल्या पट्ट्यात ४ मीटर खोलीचा हिशेब असा. वरच्या दीड मीटरचे वजन १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरून २७ किलोपास्कल, खालच्या अडीच मीटरचे १९.३ धरून ४८.२, बेरीज सुमारे ७५. पाण्याचा दाब २४.५. कणांच्या वाट्याला उरले ५० किलोपास्कल. सांगलीत पूर ओसरल्यावर काठाची जमीन आठवडाभर तरी चिंब असते. तेव्हा पाणी जमिनीच्या पातळीला धरले तर हाच वाटा ३८ वर येतो. आयर्विन पुलाखाली ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी उतरले की लगेच कामाला लागायची सगळ्यांना घाई असते, आणि वाळू सगळ्यात कमजोर असते ती त्याच दिवसांत.

भूकंपात आणि सुरुंगात फरक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपासारख्या हादऱ्यात जमीन काही सेकंद आडवी हलत राहते आणि कण एकमेकांवरून थोडे थोडे सरकून दाब साठतो. सुरुंगाची पहिली लाट दाबाची असते आणि काही मिलिसेकंदांत निघून जाते. ती कणांना आणि पाण्याला एकत्रच आवळते. लाट गेल्यावर पाणी जवळजवळ पूर्ण पूर्ववत होते, पण कण तसे होत नाहीत. त्यांतले काही घसरून आणखी जवळ बसलेले असतात. सांगाडा आकसायला पाहतो, पाणी बाहेर जायला वेळ नसतो, म्हणून सांगाड्याचा भार पाण्यावर येतो. लाट गेल्यानंतर उरलेला हा दाब म्हणजे शेष दाब. प्रयोगशाळेत मोजायचा तो हाच. लाटेच्या शिखराचा आकडा अहवालात भारदस्त दिसतो, पण द्रवीभवन झाले की नाही हे तो सांगत नाही.

नमुना

एवढी सैल वाळू नळीतून जशीच्या तशी वर येत नाही. वर काढताना ती एक तर दाबली जाते, नाही तर गळते. म्हणून पोत्यात वाळू आणून जागेवरच्या घनतेला पुन्हा बसवायची. वाळूचा बारीकपणा : वजनाने दहा टक्के कण ०.०८ मिमीपेक्षा लहान. भारतीय मानक (आयएस) २७२० च्या भाग १४ प्रमाणे कमाल कोरडी घनता १.७० आणि किमान १.३८ ग्रॅम प्रति घनसेंमी. जागेवरची १.५० धरली तर सापेक्ष घनता (सगळ्यात सैल शून्य, सगळ्यात दाट शंभर) ४२ टक्क्यांच्या आसपास येते.

एक चूक इथे हमखास होते. पुस्तकातल्या उदाहरणांची सवय म्हणून कणांची विशिष्ट घनता, म्हणजे ते पाण्याच्या किती पट जड, २.६५ धरली जाते. ती क्वार्ट्झच्या वाळूची. कृष्णेची वाळू काळ्या पाषाणातून आलेली असते आणि तिच्यात जड लोहखनिजाचे काळे कणही असतात, २.८० सहज भरते. २.६५ धरले तर रिक्तता गुणोत्तर, म्हणजे रिकामी जागा भागिले कणांचे आकारमान, ०.७७ येते, २.८० ला ०.८७. सापेक्ष घनता या चुकीने बिघडत नाही, कारण ती कोरड्या घनतांवरूनच काढतात. बिघडतो तो नमुन्यात किती पाणी बसायला हवे याचा हिशेब, आणि पुढचा सगळा पेच नेमका त्याच हिशेबावर उभा आहे. बाटली घेऊन विशिष्ट घनता मोजायला अर्धा दिवस पुरतो.

७० मिमी व्यास आणि १४० मिमी उंचीच्या नमुन्याचे आकारमान ५३९ घनसेंमी, कोरडी वाळू ८०८ ग्रॅम, रिकाम्या जागेत मावणारे पाणी २५० मिली. वाळू उकळून, हवा काढलेल्या पाण्यात बुडवून, पाण्यातूनच चमच्याने सोडत सात थरांत बसवायची, दर थराला ११५ ग्रॅम. ओली वाळू ठोकून बसवली तर घनता नेमकी साधते, पण नदीने ती तशी बसवलेली नसते. पाण्यातून पडलेल्या कणांची रचना वेगळी असते आणि सैल वाळूत तो फरक शेष दाबात दिसतो.

स्फोट न करता स्फोटाची लाट

प्रयोगशाळेत खरा स्फोटक पदार्थ वापरायचा तर स्फोटके नियम २००८ खाली परवाना, साठवण, परवानाधारक माणूस असा सगळा कारभार मागे लागतो. या प्रश्नाला त्याची गरजही नाही. लाट हवी आहे, ती धडकेने तयार होते.

उभी पोलादी नळी, आतून ७० मिमी, भिंत २५ मिमी. मधोमध वाळू, तिच्या वर आणि खाली एकेक मीटर पाण्याचा स्तंभ. वाळू आणि पाणी यांच्यामध्ये रबरी पडदा. खालच्या बाजूला पडद्याला आधार म्हणून छिद्रांची जाड चकती. सगळ्यात वर ओ-रिंग लावलेला पिस्टन. स्तंभातला दाब २५० किलोपास्कल, वाळूच्या रंध्रातला २००. फरक ५०, म्हणजे आपल्या पट्ट्याइतकाच प्रभावी ताण. नळीची आतली बाजू गुळगुळीत करून ग्रीस लावावे, नाही तर भिंतीचे घर्षण भार खाते आणि तळाशी ५० पोचतच नाहीत.

पाण्यात लाटेचा दाब म्हणजे घनता, वेग आणि पिस्टनची गती यांचा गुणाकार. पिस्टन सेकंदाला ०.१५ मीटर गतीने हलला तर १००० गुणिले १५०० गुणिले ०.१५, म्हणजे २२५ किलोपास्कल. त्याच गतीला लाटेच्या वेगाने भागले की विकृती, म्हणजे लांबीच्या प्रमाणात झालेला आकस, मिळते : ०.१५ भागिले १५००, म्हणजे ०.०१ टक्का. संपृक्त, म्हणजे पूर्ण पाण्याने भरलेल्या, वाळूवरच्या धक्काचाचण्यांत साधारण याच विकृतीच्या खाली शेष दाब उरत नाही आणि ०.१ टक्क्याच्या आसपास सैल वाळू पातळ होऊ लागते. म्हणजे आपल्याला गती हवी ती ०.१५ पासून दीड मीटरपर्यंत.

जड वजन सरळ टाकून खालचे टोक साधत नाही. ०.१५ मीटर प्रतिसेकंद ही गती जेमतेम एक मिलिमीटर पडण्यातून येते, आणि एक मिलिमीटर उंची कोण मोजणार? उपाय सोपा आहे. पिस्टन ९ किलोचा करा आणि त्यावर १ किलोचे वजन ११५ मिलिमीटरवरून टाका. वजनाची गती दीड मीटर. दोघे मिळून हलले की दहावा हिस्सा, ०.१५. मध्ये रबराची चकती ठेवली की धडक मऊ होते, पण वजन थोडे उसळते आणि गती हिशेबापेक्षा जास्त निघते. म्हणून उंचीवर विसंबू नये. शिखर दाब प्रत्येक वेळी मोजावा आणि गती त्यावरून उलटी काढावी.

ही लाट अंदाजे १.७ मिलिसेकंदांत ओसरते. वरून आलेली लाट खालच्या टोकाला आपटून नमुन्यापर्यंत परत यायला १.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे पहिली लाट संपायच्या आधीच परतलेली तिच्यावर चढते आणि वाळूला एका धक्क्याऐवजी पाच-सहा धक्के बसतात. शिखराचा आकडा पहिल्या चढणीवरच वाचावा. शेष दाब मात्र सगळ्या फेऱ्यांचा मिळून येतो, प्रत्यक्ष जागेवरच्यापेक्षा जास्तच. सावध बाजूची चूक म्हणून ती चालते, पण अहवालात लिहिलेली असावी.

पहिला संच फसतो तो इथे

पहिल्या संचात असे दिसते. बी गुणांक ०.९५ आला, म्हणजे बाहेरचा दाब शंभरने वाढवला तर रंध्रदाब पंच्याण्णवने वाढला. त्रिअक्षीय चाचणीत, म्हणजे चहूबाजूंनी दाब देऊन नमुना तपासण्याच्या नेहमीच्या चाचणीत, या आकड्यावर नमुना संपृक्त मानतात आणि पुढे जातात. मग धक्के दिले : ०.०१ टक्क्याच्या गतीला शेष दाब शून्य, तिप्पट गतीला शून्य, दहापटीला ५० पैकी जेमतेम पाच-सहा किलोपास्कल. ‘वाळू सुरक्षित’ असा अहवाल लिहायला हात शिवशिवतो.

त्याआधी एक आकडा बघायचा असतो, लाटेचा वेग. नमुन्याच्या वर आणि खाली बसवलेल्या ट्रान्सड्यूसरवर, म्हणजे दाबमापकांवर, लाट पोचायला किती फरक पडला? पूर्ण संपृक्त नमुन्यात १४० मिमीला ०.०९ मिलिसेकंद लागायला हवेत, म्हणजे वेग १५०० मीटरच्या वर. इथे लागले ०.२५. वेग ५७० मीटर.

गणित उघड आहे. रंध्रांत हजारातला एक भाग हवा राहिली आणि बॅक प्रेशरसकट, म्हणजे रंध्रात मुद्दाम दिलेल्या २०० सकट, निरपेक्ष दाब ३०० किलोपास्कल असला, तर हवेसकट पाण्याचा कडकपणा २२०० मेगापास्कलवरून २६४ वर येतो, आठपटीने कमी. सैल वाळूचा सांगाडा ३० मेगापास्कलचा, म्हणून त्याच्यापुढे हे पाणी अजूनही भक्कम ठरते आणि बी गुणांक ०.९५ दाखवतो. पण धक्क्याच्या चाचणीत पाण्याचा स्वतःचा कडकपणाच तर तपासला जातो. सांगाडा आकसतो, हवेचे बुडबुडे तेवढी जागा देऊन टाकतात, आणि शेष दाब तयारच होत नाही. चाचणी वाळूची झालीच नाही, बुडबुड्यांची झाली.

म्हणून नियम असा ठेवावा : धक्का देण्याआधी हलक्या टिचकीने वेग मोजायचा आणि १५०० च्या खाली असेल तर पुढे जायचे नाही. बी गुणांक नोंदवहीत लिहावा, पण त्यावर मंजुरी देऊ नये. वेग वाचतानाही एक फसगत आहे. पोलादाच्या भिंतीतून लाट सेकंदाला ५००० मीटरने पुढे पळते आणि मुख्य चढणीच्या आधी नोंदीवर बारीक थरथर उमटवते. तिलाच लाटेचे आगमन समजले तर कितीही हवा असलेला नमुना संपृक्त ठरतो. दोन्ही ट्रान्सड्यूसरवर मोठी चढण सुरू होते तो बिंदू धरावा. नोंद सेकंदाला दहा लाख वाचनांची हवी. एक लाखाची घेतली तर नमुना ओलांडायच्या वेळात नऊच ठिपके मिळतात.

हवा येते कुठून? कृष्णेच्या वाळूत भोकाळ बेसाल्टचे कण असतात आणि त्यांच्या पोटातली हवा दहा मिनिटे उकळून निघत नाही. वाळू बुडवून डेसिकेटरमध्ये व्हॅक्यूमखाली रात्रभर ठेवावी आणि मधूनमधून हलवावी. तळापासून बुडबुडे थांबले की मगच वापरावी. दुसरी जागा ट्रान्सड्यूसरच्या तोंडाची पोकळी. तिथे सुई लावलेल्या सिरिंजने सिलिकॉन तेल भरावे. तिसरी, चकतीची छिद्रे. एवढे करूनही वेग कमी असेल तर बॅक प्रेशर ४०० वर नेऊन, प्रभावी ताण तेवढाच ठेवून, पुन्हा रात्रभर थांबायचे. एवढी थोडी हवा दाबाखाली पाण्यात विरघळते, फक्त तिला वेळ लागतो. ठेकेदाराचा फोन येत असतो, तरी थांबायचे.

दाब वाचताना

शिखर हजारो किलोपास्कलचे असू शकते आणि शेष दाब ५ किंवा १० चा. ३५०० किलोपास्कलच्या ट्रान्सड्यूसरची चूक पाव टक्का धरली तरी ती जवळपास ९ किलोपास्कल होते. पाचाचा आकडा त्यात बुडून जातो. दोन ट्रान्सड्यूसर लावावेत : शिखरासाठी वेगवान आणि मोठ्या क्षमतेचा, शेषासाठी लहान क्षमतेचा, ज्याच्या तोंडाशी बारीक छिद्राचा अडसर आहे. अडसर शिखर बोथट करतो आणि सावकाश दाब जाऊ देतो. पिझोइलेक्ट्रिक जातीच्या ट्रान्सड्यूसरवर शेष दाब कधीही वाचू नये; त्याचा आकडा स्थिर दाबातही आपोआप खाली सरकतो आणि नोंद अशी दिसते की जणू पाणी निचरा होऊन दाब उतरला. पडताळा सोपा आहे. सगळे वॉल्व्ह बंद असताना शेष दाब मिनिटभर टिकला पाहिजे. उतरत असेल तर गळती आहे, नाही तर उपकरण खोटे बोलते.

योग्य संपृक्त नमुन्यावर ०.०१ टक्क्याच्या धक्क्याची नोंद अशी असते : दाब २०० वरून एकदम ४२५ वर, काही फेऱ्या, आणि परत २०० वर. शिखराची वाढ २२५, कणांच्या वाट्याच्या साडेचारपट, आणि तरीही वाळू जागच्या जागी. कारण त्या क्षणी एकूण ताणही तेवढाच वाढलेला असतो.

मग खांबांना भीती कशाची?

श्टुडर आणि कॉक यांनी १९८० मध्ये दिलेले सूत्र वाळूत पुरलेल्या स्फोटासाठी आहे : शेष दाब आणि प्रभावी ताण यांचे गुणोत्तर म्हणजे १.६५ अधिक ०.६४ गुणिले ‘किलोतल्या वजनाचे घनमूळ भागिले मीटरमधले अंतर’ याचा नैसर्गिक लॉग. एका वेळी ८ किलो, अंतर २५ मीटर घातले तर गुणोत्तर ०.०३ येते. १ किलोला उत्तर शून्याखाली जाते. दाबाच्या लाटेपुरता विषय संपला.

पण दाबाच्या लाटेमागून आडवी थरथर येते. तिची विकृती काढताना कणांच्या गतीला भागायचे ते कर्तन लाटेच्या, म्हणजे या आडव्या थरथरीच्या, वेगाने, आणि पाणी कर्तनात मदत करत नसल्यामुळे हा वेग या सैल वाळूत बेंडर एलिमेंटवर, म्हणजे प्रयोगशाळेत कर्तन लाटेचा वेग मोजणाऱ्या पट्टीवर, १३० मीटरच्या आसपास भरेल. दीड हजार आणि एकशेतीस, दहापटीहून मोठा फरक. म्हणजे त्याच गतीला आडवी विकृती दहापटीहून जास्त. तिचाही उंबरठा सुमारे ०.०१ टक्काच आहे.

आयएस ६९२२ च्या सूत्राने मातीसाठी ८८० हा स्थिरांक घेतला तर एका विलंबाला, म्हणजे एकाच क्षणी उडणारे, १ किलो आणि २५ मीटरवर गती १५.७ मिमी प्रतिसेकंद येते. १३० ने भागा : ०.०१२ टक्का. उंबरठा ओलांडला. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी ८ हर्ट्झच्या खाली ५, २५ पर्यंत १० आणि त्यावर १५ मिमी अशी मर्यादा आहे. म्हणजे उच्च वारंवारतेची सवलत घेऊन १५ वर काम केले तर घराला तडा जाणार नाही, पण पायाखालची वाळू दाब साठवू लागेल. त्या मर्यादा भिंतींसाठी बांधल्या आहेत, वाळूसाठी नव्हेत.

म्हणून दुसरी मालिका त्रिअक्षीय यंत्रावर, विकृती ठरवून : ०.००५, ०.०१, ०.०३ आणि ०.१ टक्के, प्रत्येकी ३० आवर्तने. ०.०१ टक्का कर्तन म्हणजे १४० मिमी नमुन्यात ९.३ मायक्रॉन हालचाल. बाहेर लावलेला एलव्हीडीटी, म्हणजे हालचाल मोजणारा मापक, टोपी बसण्यातच याहून जास्त दाखवतो. मापक नमुन्यावरच चिकटवावा लागतो. आवर्तने किती घ्यायची हे सुरुंगाच्या आखणीवरून ठरते. एका फैरीत १५ छिद्रे २५ मिलिसेकंदांच्या विलंबाने उडत असतील तर वाळूला ती एक सलग थरथर आहे. मध्ये निचरा होत नाही.

फैरींमध्ये होतो का? कणांच्या बारीकपणावरून काढणाऱ्या हेझनच्या सूत्राने या वाळूची पारगम्यता, म्हणजे तिच्यातून पाणी वाहण्याची गती, सेकंदाला ०.०६४ मिलिमीटरच्या आसपास. दीड मीटरच्या पट्ट्याला एका बाजूने वाट असेल तर दाब पंधरा-वीस सेकंदांत उतरायला लागतो. पण नदीकाठी वाळू कित्येकदा पट्टा नसून काळ्या मातीत अडकलेली भिंगासारखी जागा असते. तिला वाट नाही. तिथे सकाळच्या फैरीचा दाब दुपारच्या फैरीला शिल्लक सापडतो. बोअर एकच घेतला असेल तर पट्टा की भिंग हे कळत नाही. खांबाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन बोअर घ्यायला सांगावेत. प्रयोगशाळेने ते सांगायचे टाळू नये, जरी तिच्याकडे फक्त पोते आले असले तरी.

दिलेल्या अटी

जमिनीच्या कणांची गती सेकंदाला १० मिमीच्या आत. तेव्हा विकृती ०.००७७ टक्के, आणि पूर ओसरतानाच्या ३८ किलोपास्कलला कर्तन वेग १२० वर घसरला तरी ०.००८३. सूत्राप्रमाणे २५ मीटरवर एका विलंबाला सुमारे ५८० ग्रॅम. हे सूत्र जागेचे नाही, म्हणून पहिल्या तीन फैरी निम्म्या वजनाच्या आणि खांबाच्या पायथ्याशी मापक लावून. स्थिरांक त्यावरून बदलायचा. पावसाळ्यात आणि नदी उतरून तीन आठवडे होईपर्यंत फैर नाही.

वाळूच्या पट्ट्यात ४.२ मीटरवर एक पिझोमीटर, म्हणजे रंध्रदाब मोजणारा मापक. फैरीआधीचे वाचन आणि दहा मिनिटांनंतरचे वाचन यांत ४ किलोपास्कलपेक्षा जास्त फरक राहिला, म्हणजे कणांच्या ३८ मधला दहावा भाग गेला, तर पुढची फैर थांबवायची. पिझोमीटरची नळी उघडी असली तर ती दाब सावकाश दाखवते, म्हणून कंपायमान तारेचा, टोक आधी उकळून संपृक्त केलेला घ्यावा. टोक कोरडेच खाली सोडले की त्यातही तोच बुडबुडा बसतो.